मदत हवी आहे: ड्रोनमध्ये (संगीतातला सलग चालणारा खर्ज, उडणारा नव्हे) 'वूं वूं वूं' होतंय, काही केल्या जात नाही

अवकाळी
डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून धागा काढतोय. नोकरीतून उरलेल्या वेळात डार्क अँबियंट करतो. (गडद, संथ, तालाशिवायचं संगीत. याहून जास्त विचारून कृपया धागा भरकटवू नका, शोधा आणि ऐका.) अकरा मिनिटांचा ट्रॅक आहे. पहिली तीन मिनिटं झकास. चौथ्या मिनिटाला खालचा थर वर आला की आवाज पंप मारल्यासारखा फुगतो नि बसतो, फुगतो नि बसतो. सेकंदाला साधारण दोनदा. कॉम्प्रेसर लावून झाला, काढून झाला. रिव्हर्ब काढला. दोनशे ते चारशे हर्ट्झमधला चिखल कापला. एलएफओ (आवाज मुद्दाम संथ हलवणारं सेटिंग) कुठेही नाही, दोनदा तपासलंय. एकेक लेअर वेगळा वाजवला तर सगळे स्वच्छ. रविवारी मित्राला द्यायचाय, त्याच्या शॉर्टफिल्मसाठी. लवकर सांगा.

निवांत_माणूस
कशात करता? कशावर ऐकता? प्लगइन कुठले?

अवकाळी
रीपर. हेडफोन. प्लगइनचा संबंध नाही, सगळे बंद करून पाहिलेत.

भिंतीला_कान
हा शंभर टक्के खोलीचा दोष. साधारण दहा बाय बाराची खोली असेल ना? बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, दहा फुटांत ५६ च्या. आपल्याकडे लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात, खालच्या आवाजाला त्याचा काडीचा उपयोग नाही. चारही कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या गुंडाळून उभ्या करा. मी केल्या आहेत. बायको चिडली, पण बेस सुधारला.

अवकाळी
हेडफोन म्हणालो ना वर.

भिंतीला_कान
हेडफोनवर मिक्स करणं हीच तर मूळ चूक आहे.

निवांत_माणूस
अहो कान, हेडफोनमध्ये खोली कुठून शिरणार? अवकाळी, फोनच्या स्पीकरवर वाजवून बघा. तिथेही होतंय का?

अवकाळी
फोनवर जवळजवळ नाही.

भिंतीला_कान
बघा! म्हणजे हेडफोन खराब. बदला.

निवांत_माणूस
फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून शंभर हर्ट्झच्या आसपासचं धड बाहेरच येत नाही. म्हणजे जे काय घडतंय ते खालीच घडतंय एवढाच त्याचा अर्थ. वरचा चिखल उपसून काही होणार नव्हतं.

नादयोगी_४३२
तुम्ही ए ४४० वर, म्हणजे ए हा सूर ४४० हर्ट्झला धरून, काम करता आहात ना? शरीराला ती कंपनं मानवत नाहीत. सगळं ४३२ वर आणा. लाटा शांत होतील, तुम्हीही व्हाल.

सायली_पुणे३०
रीपर सोडा, एबलटन घ्या. मला असले प्रश्न कधीच आले नाहीत.

निवांत_माणूस
सायलीताई, दोन्ही सॉफ्टवेअरांत बेरीज एकसारखीच होते हो.

माईआजी
धागा पूर्ण वाचला नाही. पण इतक्या तरुण वयात इतकं उदास कशाला करायचं? सकाळी उठून भूप ऐक बाळा. आमच्या भाच्याचंही असंच चाललं होतं, नंतर लग्न झालं.

अवकाळी
माई, माझं लग्न झालंय.

डिजिटल_दुकान
ट्रॅक विकणार असाल तर बँडकॅम्प बरं. डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतात, पेमेंटचं शुल्क वेगळं, बाकी तुमचे. कव्हरसाठी काळा-पांढरा फोटो ठेवा, या प्रकारात चालतो. सविस्तर हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अवकाळी
विकायचा नाहीये!! कुणी मूळ प्रश्न वाचतंय का? वैतागून ४३२ पण करून पाहिलं. सिंथ (सिंथेसायझर) खाली आणला तर पंप कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट जोरात. आता सेकंदाला जवळपास चारदा. आभार.

खर्जातला
थांबा, ही कामाची गोष्ट बोललात. सूर हलवल्यावर लाटेचा वेग बदलला, म्हणजे दोन जवळजवळचे सूर एकमेकांना घासतायत. खालच्या थरात नेमकं काय काय आहे?

अवकाळी
सिंथ आणि फील्ड रेकॉर्डिंग.

खर्जातला
सिंथ कुठल्या पट्टीत? रेकॉर्डिंग कशाचं?

अवकाळी
पांढरी पाच, म्हणजे खालचा जी. घरी हार्मोनियम आहे, सवयीने तिथेच हात जातो. रेकॉर्डिंग रात्रीचं आहे.

खर्जातला
रात्रीचं म्हणजे कशाचं? नुसती रात्र काय आवाज करते?

अवकाळी
गच्चीवर झूम रेकॉर्डर ठेवला होता, पहाटे तीनला. रातकिडेच रातकिडे आले. ते नको होते म्हणून ३०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं आणि उरलेलं वीस डेसिबल वर नेलं. खाली मस्त गंभीर गुंजन निघालं. जमिनीखालून आल्यासारखं. सगळा ट्रॅक त्यावरच उभा आहे.

खर्जातला
गच्चीच्या आसपास डीपी आहे का?

अवकाळी
कोपऱ्यावर आहे. पण त्याचा आवाज येत नाही.

निवांत_माणूस
तुम्हाला येत नाही हो. तिथे राहता म्हणून. पाहुण्यांना विचारा.

खर्जातला
सापडलं. तुमची जमिनीखालची रात्र म्हणजे डीपीतला ट्रान्सफॉर्मर. गुंजन १०० हर्ट्झचं. पांढरी पाचचा तो जी ९८ हर्ट्झचा. फरक दोन, म्हणून सेकंदाला दोन लाटा. ४३२ केल्यावर जी ९६ च्या जरा वर आला, फरक चाराच्या जवळ, म्हणून लाटा दुप्पट. एकेकटे लेअर स्वच्छ वाजणारच, घासायला दुसरा सूर नको का?
आम्ही तंबोरा हेच ऐकून जुळवतो. जोडीच्या दोन तारा जवळ आल्या की आवाज असाच हेलकावे खातो. मणी केसभर सरकवत जायचं, हेलकावा लांबत लांबत जातो आणि एका जागी थांबतो. तिथे हात काढून घ्यायचा.

सायली_पुणे३०
वीज ५० हर्ट्झची असते. १०० कुठून आणलेत?

निवृत्त_लाईनमन
बरोबर सांगतायत ते. प्रवाह ५० चाच, पण गाभ्याचं पोलाद प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणलं जातं, सुलट्यात एकदा नि उलट्यात एकदा. म्हणून गुणगुण १०० ची. ३१ वर्षं खांबावर काढलीत. अवकाळी, आवाज अलीकडे वाढला असेल तर गाभ्याचे बोल्ट सैल झाले असतील, रीतसर तक्रार नोंदवा. कुंपणाजवळ रेकॉर्डर घेऊन जाऊ नका. पावसात तर मुळीच नाही.

अवकाळी
तक्रार केली आणि त्यांनी बोल्ट आवळले तर माझा ट्रॅक गेला की! मग करू काय? १०० वर नॉच मारू, तेवढाच सूर कापू?

खर्जातला
१००, २०० आणि ३०० वर अरुंद नॉच मारलात तर लाट जाईल, पण तुमच्या रात्रीत मग काय उरणार? डीपीला हलवता येत नाही, सिंथला येतं. फाइन ट्यून ३५ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) वर न्या. किंवा ए ४४० च्या जागी ४४९ करा, तेच पडेल. बाकीचे सुरेल थरही तेवढेच वर घ्या.

नादयोगी_४३२
४४९??? हे आरोग्याला घातक आहे. मी या धाग्यातून रजा घेतो.

उंबरठ्यावर
माझं उलटं मत. लाट ठेवा. एवढी जिवंत गोष्ट फुकट मिळाली आणि तुम्ही ती मारताय. डार्क अँबियंटवाल्या लस्टमॉर्डसारखी माणसं आवाजासाठी गुहा नि तळघरं हुडकत गेली, तुमच्या दारात डीपी उभा आहे. किंवा गुंजन पॉलस्ट्रेचमध्ये टाकून पन्नासपट ताणा. ऑडॅसिटीत फुकट आहे.

अवकाळी
एरवी ठेवली असती. चौथ्या मिनिटाला फिल्ममध्ये आई आणि मुलाचा संवाद आहे, जेमतेम कुजबुजीत. त्याच्याखाली पंप चालत नाही.

अवकाळी
रात्री बसून केलं. ३५ सेंट वर. गेलं!! खर्जातला, चहा लागू. पूर्ण थांबलं नाहीये मात्र. आता एक फुगवटा दहा-बारा सेकंदांनी येतो, अगदी संथ, कधी त्याहूनही लांबतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासाहून सावकाश. सिंथ काटेकोर १०० वर आहे, मोजून पाहिला. मग हे कशाने?

निवृत्त_लाईनमन
वीज ५० वर खिळून नसते. ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा दंडक आहे. त्या वेळी ४९.९५ च्या आसपास असणार, म्हणजे तुमचा डीपी ९९.९. देशभर भार चढला-उतरला की हलते.

अवकाळी
म्हणजे पहाटे तीनला देशात कोण काय चालू-बंद करत होतं ते माझ्या ट्रॅकमध्ये आलंय. हे ठेवतोय. फाइल मित्राला पाठवली. धागा बंद केला तरी चालेल.

भिंतीला_कान
तरी गाद्या एकदा लावून बघाच.