मदत हवी आहे: बालवाडी निवडताना कशावर अडून बसावं? (पुणे, धायरी)

नमस्कार. लेक सप्टेंबरमध्ये तीन वर्षांची होईल. ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण हवीत या राज्याच्या नियमात बसते, म्हणजे जूनपासून नर्सरीला घालता येईल. आम्ही दोघंही नोकरीला. सासूबाई घरी असतात, पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे ने-आण व्हॅननेच होईल. चार ठिकाणं पाहिली, दोन उरलीत, आणि पंधरा दिवस झाले तरी काही ठरत नाहीये.

पहिली बालवाडी एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. २२ मुलं, एक ताई, एक मावशी. माझी आई सातारा जिल्ह्यात २९ वर्षं अंगणवाडी सेविका होती. तिने मला बजावलं होतं, "शिकवताना बघायला जाऊ नकोस, पाहुणं आलं की सगळेच छान शिकवतात. डब्याच्या वेळेला जा." म्हणून साडेदहाला गेले. एका मुलाच्या हातून बाटली सांडली, सतरंजी भिजली, आणि तो आता रडणार एवढ्यात मावशींनी एक फडकं त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः घेतलं. दोघांनी मिळून पुसलं. कोणी ओरडलं नाही, कोणी "किती वेळा सांगितलं" म्हटलं नाही. तो परत पोळी-गूळ खायला बसला. मला तिथेच भरून आलं.

पण निघताना अंगणात जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण दिसलं. सिमेंटचं, एका कोपऱ्याला फुटलेलं, वर कढीपत्त्याची कुंडी ठेवलेली. मी कुंडी पायाने सरकवून पाहिली तर झाकण हललं. ताईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, "अहो, इतक्या वर्षांत कधी काही झालं नाही." बारा वाजता समोरच्या दुकानापाशी मुद्दाम थांबले. फाटक उघडं होतं, मुलं ज्याच्या हाताला लागतील त्याच्याबरोबर जात होती. एका मुलीला न्यायला आलेल्या माणसाला कोणी विचारलंही नाही. तो तिचा काकाच असेल. पण विचारलं नाही.

दुसरी शाळा नव्या इमारतीत. फाटकावर रखवालदार, मूल घरी सोडताना फोटो असलेलं कार्ड बघतात, वर्गात कॅमेरे. फी जवळजवळ चौपट, ती कशीतरी भरू. वर्गात २८ मुलं आणि दोन टीचर होत्या, आणि अडीच-तीन वर्षांची ती सगळी मुलं चार रेघी वहीत 'ए' गिरवत होती. एकाने पेन्सिल पूर्ण मुठीत धरली होती आणि कागद फाटेल इतकं दाबत होता. या वयात बोटांत तेवढी पकड आलेलीच नसते, हे आईकडून लहानपणापासून ऐकत आले आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला पानं, बिया, शिंपल्यांवर मुलांना शिकवून दाखवलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा टप्पा खेळातूनच शिकण्याचा मानला आहे. मग ही घाई कशाला?

तिथल्या मदतनीसांबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "त्या एजन्सीच्या असतात, दोन-तीन महिन्यांनी बदलतात." पोलीस पडताळणीची कागदपत्रं एजन्सीकडे आहेत म्हणे, मला दाखवता आली नाहीत. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी या दोन्हींबद्दल शासनाने आदेश काढले. त्या प्रकरणातला आरोपी कंत्राटी सफाई कामगारच होता. म्हणून मला कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा लेकीला शी-शूला कोण नेणार, ती बाई उद्याही तीच असेल का, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि इथल्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात कॅमेरा नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

नियम माझ्यापरीने वाचले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्ले स्कूलसाठीच्या सूचनांत २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, वेळ दिवसाला तीन ते चार तास, असं आहे. खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांनी शालेय शिक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करावी असं २०२५ मध्ये सांगण्यात आलं. नोंदणी दोघांकडेही आहे. पण नोंदणी आहे म्हणून टाकीचं झाकण कोणी येऊन हलवून बघितलंय असं नाही.

तर ज्यांची मुलं या वयातून गेली आहेत, किंवा ज्या स्वतः बालवाडी चालवतात, त्यांना विचारायचं आहे. माया आहे पण बंदोबस्त नाही, अशा ठिकाणी पालकांनी मागे लागून सुधारणा झाल्याचा अनुभव आहे का? की जूनपर्यंत "हो हो" आणि पुढे तेच? व्हॅनवाल्या काकांची चौकशी तुम्ही कशी केलीत, आणि मुलांबरोबर बाई असलेली व्हॅन या भागात कोणाला माहीत आहे का? आणि एवढ्या लहान मुलीला "तिथे कोणी हात लावला तर सांग" हे तुम्ही कोणत्या शब्दांत शिकवलंत? मी अंघोळीच्या वेळी बोलायला सुरुवात केली आहे, पण माझे शब्द तिला घाबरवतात की काय असं वाटतं.

भर, शुक्रवार: सगळ्यांचे मनापासून आभार. दोघींनी सुचवल्याप्रमाणे बंगल्यातल्या बालवाडीच्या इतर तीन पालकांना गाठून एकत्र गेलो. आज ताईंनी फोटो पाठवला: टाकीवर लोखंडी झाकण, कडी, कुलूप. किल्ली मावशींकडे. मुलांना कोण नेणार त्यांची नावं-फोटो असलेली वही मात्र अजून नाही, "आजी-आजोबांना राग येतो हो" म्हणतात. वही मीच आणून देते म्हटलंय, सोमवारी बोलवलंय. त्यात नेमके कोणते रकाने ठेवू? कोणाच्या शाळेत अशी वही असेल तर एका पानाचा फोटो, नावं झाकून, टाकाल का?