शब्दचर्चा : 'पाचारण' – श्वानपथकाला होतं ते आणि देवाकडून होतं ते

अर्धविराम (धागाकर्ती) :
एका छोट्या इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करतेय. ख्रिस्ती तरुण मुलांच्या शिबिरात वाटायची आहे. मुखपृष्ठावरचं वाक्य मी असं केलं होतं : 'देवाने दिलेला तुमचा जीवनोद्देश शोधा.' मसुदा मैत्रिणीच्या आईला वाचायला दिला. मावशी नगरच्या, चौथ्या पिढीतल्या ख्रिस्ती, शिवाय जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं. त्यांनी 'जीवनोद्देश'वर एक लाल रेघ मारली आणि 'शोधा'वर दोन. म्हणाल्या, "अगं, हे काय हरवलेलं पाकीट आहे? आमच्यात याला पाचारण म्हणतात. आणि ते शोधत नाहीत, ते होतं."

आता माझ्या कानाला पाचारण म्हणजे 'घटनास्थळी श्वानपथकास पाचारण करण्यात आले'. वेशीत पडलेली बेवारस बॅग आणि भोवती पोलीस, एवढंच डोळ्यांपुढे येतं. अठरा वर्षांच्या पोरापर्यंत हा शब्द पोचेल का? दुसरा काही सुचतो का?

जुनं_दप्तर :
मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात 'पाचारणे' आहे, अर्थ सरळ : हाक मारणे, बोलावून घेणे. जुन्या पोथ्यांत 'पाचारिले' पावलोपावली भेटतं. पुढे क्रियापद मागे पडलं आणि 'पाचारण करणे' हे जोडकाम पेपरवाल्यांच्या ताब्यात गेलं.

पण एक गंमत बघा. लग्नाला कोणी कोणाला पाचारण करत नाही. तिथे आमंत्रण, निमंत्रण, बोलावणं, विदर्भात आवतण. पाचारण होतं ते अग्निशमन दलाला, लष्कराला, पाणबुड्यांना, फार तर तज्ज्ञ डॉक्टरांना. म्हणजे ज्याला बोलावलंय तो जेवायला येत नाही, कामाला येतो. मावशींचा शब्द मला तरी चपखल वाटतो. श्वानपथक आडवं येतंय असं तुम्हाला वाटतं, मला ते मदतीला आलेलं दिसतंय.

उंबरठा :
आमच्या घरात हा शब्द रोजचा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मूळ ग्रीक शब्द 'क्लेसिस', म्हणजे हाक, बोलावणं. नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत तो वारंवार येतो. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला 'तुम्हांला झालेल्या पाचारणास शोभेल असे' चालण्याची विनवणी आहे. यात 'झालेल्या' महत्त्वाचं. मराठीत 'मला ताप आला', 'मला आठवण झाली', 'मला पाचारण झालं' ही सगळी एकाच घडणीची वाक्यं. यात 'मी' कर्ता नाही; 'मला' आहे. बाहेरून काहीतरी आलं आणि माझ्यापाशी थांबलं. मावशींनी 'शोधा'वर दोन रेघा मारल्या त्या यासाठी. ख्रिस्ती शिकवणुकीत कृपेचं म्हणणंही हेच आहे : मिळवली नाही, मिळाली. पौल स्वतःबद्दल सांगतो की मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे. मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या अनुयायांचा, आधी छळ करणाऱ्या माणसाने हे लिहिलंय, म्हणून त्याला वजन.

आता तुमचा 'उद्देश'. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात त्या जागी मराठीत 'संकल्प' आहे : 'त्याच्या संकल्पाप्रमाणे बोलावलेल्यांना'. एरवी संकल्प आपण सोडतो, तळहातावर पाणी घेऊन, गोत्र-नाव उच्चारून. इथे संकल्प देवाचा, आपल्याला फक्त हाक. भाषांतर करणाऱ्यांनी घरचाच शब्द उचलला आणि त्याचा कर्ता बदलला. मला हे नेहमी फार देखणं वाटत आलंय.

आणि हाक एकदाच येते असंही नाही. कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण घ्या. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. नंतर कितीतरी वर्षं मिशनची नोकरी, शिकवणं, कविता, संपादन. आणि १९१७ मध्ये, वयाची पंचावन्न उलटल्यावर, मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत उभी केली. यात जीवनोद्देश कुठला? डब्यातला, कवितेतला की साताऱ्यातला? 'पाचारण' म्हटलं की हा प्रश्न पडत नाही.

सुपारीचं_खांड :
टिळकांचं ठीक, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विसरू नका. नवऱ्याला पाचारण झालं, बायकोला नुसती बातमी कळली! मधली वर्षं त्या माउलीने कशी काढली ते 'स्मृतिचित्रे'त वाचावं. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला, पण आपल्या पायांनी चालत गेल्या, फरफटत नाही. पुस्तिकेत मुलींसाठी एक पान यावर ठेवा.

मांडवीकाठ :
कोकणीत आम्ही 'आपोवणें' म्हणतो, 'आपोवप' म्हणजे बोलावणं यावरून. घरातला मुलगा पाद्री व्हायला सेमिनरीत गेला की त्याला देवाचें आपोवणें आयलें. कृपेला 'कुर्पा'. बाकी चालू द्या.

जुनं_दप्तर :
कृपेवरून एक अवांतर. हिंदी बायबलात 'अनुग्रह' आहे, मराठीत 'कृपा'. मराठीत अनुग्रह गुरूकडून 'घेतात', कोणाचा अनुग्रह घेतला असं विचारतात. घेणं आलं की पुन्हा आपणच कर्ते. पुस्तिकेत चुकूनही अनुग्रह नको.

तिरका_डोळा :
सगळं छान, पण एक खटकतं. तोच पौल करिंथकरांना लिहितो की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्याने त्या स्थितीत राहावं. जर्मन धर्मसुधारक लूथरने 'बेरुफ' (पाचारण) हा शब्द साध्या कामधंद्यालाही लावला. पाचारण फक्त पाद्री-संन्याशांचं नाही, चांभाराचं आणि दाईचंही आहे, असं म्हणाला. जर्मनीत आजही व्यवसायाला बेरुफच म्हणतात. युरोपात हे क्रांतिकारक असेल. आपल्याकडे 'चांभाराने चांभारकी करावी, तेच देवाने नेमलंय' हे ऐकवायला लूथरची गरज नव्हती. यात आणि स्वधर्मात फरक काय?

वेसकर :
तिरका_डोळा, प्रश्न बरोबर आहे. उत्तर पोथीतलं नाही, घरातलं देतो.

माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावचे येसकर. वेशीवर पहारा, हातात घुंगुरकाठी. सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावायचं, कोणी मेलं की परगावी मयताचा सांगावा न्यायचा, ऊन असो की मध्यरात्र. गावाने हाक मारली की 'नाही' म्हणायची सोय नव्हती. बदल्यात बलुतं आणि दारोदारची भाकरी. कायद्याने ही वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. आमच्या घराने त्याच्या बरंच आधी काठी ठेवली होती, पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा.

आजी सांगायची, पहिल्यांदा पाळकसाहेबांनी 'देव तुला बोलावतो' म्हटलं तेव्हा पणजोबा दचकले. आणखी एक बोलावणारा! मग त्यांनी विचारलं, "नावानं बोलावतो का?" गाव कधी नावाने हाक मारत नव्हतं, जातीने मारायचं.

स्थितीत राहा म्हणणारा पौल पुढच्याच ओळीत गुलामाला सांगतो की मोकळं होता येत असेल तर हो. आमच्या घरात ती पुढची ओळ जास्त वाचली गेली. पणजोबांनी नंतर शाळेची घंटा वाजवायचं काम धरलं. आता पोरं त्यांच्या हाकेला यायची.

एक सुचवणी : मुखपृष्ठावर 'पाचारण' नको. आत भरपूर वापरा, शिकवा. बाहेर साधं 'बोलावणं' असू द्या.

अर्धविराम (धागाकर्ती) :
वेसकर, तुमचा प्रतिसाद मावशींना फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, "लिहून घे." मुखपृष्ठ आता असं :

'देव तुला नावाने बोलावतो. कशासाठी?'

आत पहिल्या प्रकरणाचं नाव 'पाचारण', खाली दोन ओळींत अर्थ. श्वानपथकाचा दाखला मावशींनी ठेवायला सांगितलाय, पोरं हसतील आणि लक्षात ठेवतील म्हणून. त्यांची लाल रेघ आता एकाच जागी आहे : मी 'तुम्हाला' लिहिलंय, त्यांना 'तुम्हांला' हवंय.

जुनं_दप्तर :
अनुस्वार द्या. शास्त्रात आहे तसा. मावशींशी वाद घालू नका.