शब्दचर्चा: 'न्यूनतम' की 'मोजकं'?

एका चित्रकार मैत्रिणीच्या चित्रांसाठी मराठीत चार ओळी लिहून द्यायच्या आहेत. मोठा पांढरा कॅनव्हास, त्यावर एखादा राखाडी चौकोन, कडेला एक रेघ. बस्स. ती याला 'मिनिमलिस्ट जिओमेट्रिक ॲबस्ट्रॅक्शन' म्हणते. मी 'न्यूनतमवादी भौमितिक अमूर्तता' असं लिहून दाखवलं, तर म्हणाली, हे परिपत्रक आहे का? कुणाला काही बरं सुचतंय?

*

'न्यून' आधी काढा हो. न्यून म्हणजे उणीव. न्यूनगंडातलं न्यून तेच. चित्रात काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. 'अल्पतावाद' छापलेला पाहिला आहे, पण तो वाचला की मला अल्पबचत आठवते.

*

माझं भांडण 'अमूर्त'शी आहे. मूर्त हा शब्द संस्कृत 'मूर्च्छ्' धातूचा: गोठणं, घट्ट होणं, आकार धरणं. मूर्च्छाही त्याच धातूची. मग ठसठशीत चौकोन अमूर्त कसा? त्याच्याइतका आकार धरलेलं दुसरं काय असणार!

मूळ इंग्रजी 'ॲबस्ट्रॅक्शन'च्या पोटात 'ओढून वेगळं काढणं' ही लॅटिन क्रिया आहे, ती 'अमूर्त'मध्ये येतच नाही. डच चित्रकार मोंद्रियानची १९०८ ते १९१२ मधली झाडांची चित्रं ओळीनं पाहा. आधी झाड झाडासारखं, मग फांद्यांच्या नुसत्या कमानी, मग झाड शोधावं लागतं. उभ्या-आडव्या रेघा आणि लाल-पिवळे-निळे चौकोन पुढचे. याला 'अमूर्तीकरण' म्हणायला हरकत नाही. पण रशियन चित्रकार मालेविचचा १९१५ चा 'काळा चौकोन' कुठल्याच वस्तूतून काढलेला नाही. त्याला 'वस्तुनिरपेक्ष'च बरा. मैत्रिणीला विचारा, तिचा चौकोन कुठून आला?

*

विचारलं. खिडकीतून आला म्हणे. आधी गज होते, पडदा होता, बाहेरची भिंत होती. एकेक पुसत गेली. रेघ म्हणजे चौकटीची सावली. कड काढायला ती मास्किंग टेप लावते. टेप ओढल्यावर रंग कुठे कुठे केसभर आत झिरपलेला दिसतो, तो मुद्दाम तसाच ठेवते.

*

मग 'मोजकं' म्हणा! मोजण्यावरून मोजकं, आणि भूमितीतली 'मिती' म्हणजेही मापच. दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिळाले. मोजकं म्हणजे कमी पडलेलं नव्हे, हिशेबानं ठेवलेलं.

हिशेब म्हणजे तरी कसा? अमेरिकन चित्रकार ॲग्नेस मार्टिनचे १९६० च्या दशकातले कॅनव्हास सहा फूट बाय सहा फूट, अगदी चौरस. त्यावर पेन्सिलीची जाळी. पण जाळीतली घरं चौरस नसतात, किंचित लांबट असतात. लांबून नुसतं धुकं दिसतं. जवळ गेलं की कापडाच्या विणीवर अडखळत गेलेली पेन्सिल दिसते. तुमच्या मैत्रिणीचा केसभर रंग त्याच जातीचा. (गंमत म्हणजे मार्टिनबाईंना 'मिनिमलिस्ट' हे लेबल पटत नसे.)

*

'मोजकं' छान आहे, पण त्याला 'वाद' कसा लावणार? 'मोजकावाद' ऐकून लोक हसतील. शिवाय 'मोजून मापून'ला चिक्कूपणाचा वास आहेच.

*

वाद हवाच कशाला? चळवळीचं नाव द्यायचं असेल तर 'मिनिमलिझम' देवनागरीत लिहून मोकळं व्हावं. इथे चित्राबद्दल लिहायचंय. आणि मोजकं बोलणाऱ्याला कुणी चिक्कू म्हणत नाही.

*

सगळ्यांचे आभार. असं लिहिलं: 'मोजक्या भौमितिक आकारांची अमूर्त चित्रं.' 'अमूर्त' तिनेच ठेवायला लावलं, लोकांच्या ओळखीचा शब्द आहे म्हणून. धातूबद्दल सांगितलं, ऐकून घेतलं नाही. 'पुसत पुसत उरलेली' हेही घातलं होतं, ते मात्र तिला आवडलं. फक्त खिडकीचा उल्लेख कुठेही नको म्हणाली.