मदत हवी आहे: आईचं कुंकू आणि आत्याचा राग

बाबा गेल्यावरही आईने कुंकू, बांगड्या ठेवल्या. आत्या म्हणते, "लोक काय म्हणतील याची लाजच उरली नाही." मला हा निर्लज्जपणा मुळीच वाटत नाही. आपल्या वागण्याने दुसऱ्याचं नुकसान होत असेल तर लाज वाटावी. इथे कुणाचं काय गेलं?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग सरकारनेही परिपत्रक काढलं. हे आत्याला पटत नाही. तिने स्वतः तरुणपणापासून ही बंधनं पाळलीत, त्यामुळे तिला तोडून बोलवत नाही.

भावाच्या हळदीला आईने पुढे यावं, आत्यानेही यावं, असं मनापासून वाटतं. कुणाच्या घरी असं झालंय का? आत्याशी कसं बोलू?