अँग्युलरजेएसमधलं मोठं अ‍ॅप हलवायचंय, अँग्युलर घ्यावं, रिअ‍ॅक्ट की व्ह्यू?

सांगलीकर_डेव्ह:
नमस्कार मंडळी, आमचं पतसंस्थांसाठीचं सॉफ्टवेअर आहे, सभासद, ठेवी, कर्जखाती, पिग्मी, रोजकीर्द सगळं त्यातच, आणि फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणाऱ्या स्क्रीनचा कोड) अजून जुन्या अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कवर (कोड लिहायच्या तयार सांगाड्यावर) चालतंय. त्याचा सपोर्ट गूगलने ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद केला, सिक्युरिटी ऑडिटमध्ये दरवेळी तोच शेरा येतो आणि आता मॅनेजमेंटपण हलवा म्हणतंय. अडीचशेच्या आसपास स्क्रीन आहेत, बहुतेक मोठे फॉर्म आणि टेबलं. टीम आठ जणांची, टाइपस्क्रिप्ट (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट) नीट येणारे दोघंच. आर्किटेक्ट म्हणतात अँग्युलर घ्या, नाव तेच आहे सोपं जाईल, नवीन पोरं रिअ‍ॅक्ट शिकूनच येतात, एक जण व्ह्यूवर अडून बसलाय. शाखांमधले पीसी जुने, काही ठिकाणी तर विंडोज ७. पुढची आठ-दहा वर्षं हे चालवायचंय. कोणी एवढं मोठं अ‍ॅप हलवलंय का, काय बघून ठरवलंत?

पुणे_फ्रंटएंड:
नाव तेच म्हणून सोपं जाईल हे आधी डोक्यातून काढा. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते मुळापासून नवीन लिहिलेलं, जुन्यातले स्कोप, कंट्रोलर हे मूळ भागच गेले, जुना कोड तसाच उचलून तिथे टाकता येत नाही.

तरी तुमच्यासाठी मी अँग्युलरच म्हणेन, पण फॉर्मसाठी. कर्जाच्या अर्जात जामीनदार वाढवला की नवीन रांग येणार, तारण सोनं असेल तर एक व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) आणि जमीन असेल तर दुसरं, हप्ता बदलला की मुदत बदलणार, हे सगळं अँग्युलरच्या रिअ‍ॅक्टिव्ह फॉर्म्समध्ये फार नीट बसतं आणि १४ व्या व्हर्जनपासून म्हणजे २०२२ पासून त्यांना टाइप पण आहेत, म्हणजे टाइपस्क्रिप्ट कोडमध्ये फील्डचं नाव चुकलं तर बऱ्याचदा बिल्डच होत नाही. राउटर (पानं बदलणारा), एचटीटीपी (सर्व्हरशी बोलणारा), फॉर्म सगळं एकाच ठिकाणचं, त्यामुळे माणसं बदलली तरी कोड साधारण एकसारखा राहतो.

पण एक किंमत आहे. साधारण दर सहा महिन्यांनी मेजर व्हर्जन येतं आणि प्रत्येकाला सपोर्ट दीड वर्षाचा. एनजी अपडेट ही कमांड बराचसा कोड स्वतः बदलून देतं पण जायचं एकेक मेजर व्हर्जन करतच, तीन-चार साचली की मग थर्ड पार्टी पॅकेजं अडायला लागतात. वर्षातून एकदा अपग्रेडसाठी वेळ मिळेल हे मॅनेजमेंटकडून आत्ताच लेखी घ्या.

हुक्सवाला:
मला हे पूर्ण पटत नाही. आठ-दहा वर्षं म्हणताय ना, मग जुना कोड कोण चालू ठेवतं ते बघा. रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये ओपन सोर्स झालं, फेब्रुवारी २०१९ ला १६.८ मध्ये हुक्स आले, म्हणजे कंपोनंट (स्क्रीनचे तुकडे) साध्या फंक्शनने लिहायची सोय, सगळी लिहिण्याची पद्धत बदलली, पण त्याआधीचे क्लास कंपोनंट आज १९ व्या व्हर्जनवरही चालतात. मोठ्या अ‍ॅपला यापेक्षा मोठी सोय नाही.

आजूबाजूची टूल्स मात्र बदलतात हे खरंय, नवा प्रोजेक्ट उभा करणारं क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप फेब्रुवारी २०२५ मध्ये डेप्रिकेट झालं (यापुढे वापरू नका असं जाहीर झालं) आणि लोकांना व्हीट (Vite) सारख्या टूलवर जावं लागलं. आणि रिअ‍ॅक्ट ही नुसती लायब्ररी आहे, त्यामुळे डेटा सांभाळायला एका मॉड्यूलमध्ये रिडक्स ही लायब्ररी, दुसऱ्यात झुस्टँड, तिसऱ्यात अजून काहीतरी असं होऊ द्यायचं नसेल तर फॉर्मला एक, डेटा आणायला एक, राउटिंगला एक हे पहिल्या आठवड्यातच ठरवा आणि बाकीचं इम्पोर्ट केलं तर लिंटमध्येच (कोड तपासणाऱ्या टूलमध्येच) अडेल असं करा. हे सांभाळणारा एक कडक सिनियर टीममध्ये आहे का? नसेल तर वरच्यांचं ऐका, अँग्युलर घ्या.

व्ह्यूबद्दल एवढंच, टेम्पलेट तुमच्या लोकांना लगेच जमतील, पण यूआय लायब्ररी (तयार बटणं, टेबलं वगैरेंची) बघून घ्या. व्ह्यू २ चा सपोर्ट २०२३ च्या शेवटी संपला तेव्हा ज्यांच्या लायब्ररीचं ३ साठीचं व्हर्जन आलंच नव्हतं त्यांचे फार हाल झाले.

शाखा_सपोर्ट:
विंडोज ७ कडे कोणीच बघितलं नाही म्हणून लिहितो. तिथे क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, २०२३ पासून तिथेच अडकलंय. कुठलंही फ्रेमवर्क घेतलंत तरी जुन्या ब्राउझरवर ते नीट चालेलच असं धरू नका, तेव्हा सगळ्यात जुन्या पीसीवर खरी एक स्क्रीन चालवून बघा, आणि ती थकबाकी यादीचीच घ्या, लॉगिनची नको. हजारो ओळी एकदम रंगवल्या तर तिन्ही फ्रेमवर्क सारखीच रडतात, दिसतात तेवढ्याच ओळी बनवायच्या.

अजून एक, कळकळीने सांगतोय. व्याज, दंडव्याज, हप्त्यांचं वेळापत्रक यातलं काहीही स्क्रीनच्या कोडमध्ये असेल तर ते आत्ताच साध्या टाइपस्क्रिप्ट फंक्शनमध्ये काढा, फ्रेमवर्कचा एकही इम्पोर्ट नको, आणि जुन्या खात्यांचे आकडे घालून टेस्ट लिहा. फ्रेमवर्क परत बदलेल, हिशोब तोच राहणार आहे, आणि सभासदाच्या खात्यात रुपयाचा फरक पडला तर काउंटरवरच्या माणसाला बोलणी खावी लागतात.

सांगलीकर_डेव्ह:
खूप आभार सगळ्यांचे. तसा कडक सिनियर आमच्याकडे नाही, त्यामुळे अँग्युलरकडे कल होतोय, कर्ज अर्ज आणि थकबाकी यादी या दोन स्क्रीन आधी करून बघतो. पण सगळं एकदम बदलायला शाखा तयार होणार नाहीत, जुनं-नवं शेजारी चालवायचं तर लॉगिनचं काय करता?

पुणे_फ्रंटएंड:
एकाच डोमेनवर ठेवा, रिव्हर्स प्रॉक्सीने (पुढे बसून विनंत्या वाटणाऱ्या सर्व्हरने) ठरवायचं कुठला पाथ जुन्या अ‍ॅपला जाणार आणि कुठला नव्याला. सेशन एचटीटीपी ओन्ली (जावास्क्रिप्टला न वाचता येणाऱ्या) कुकीत असेल तर दोन्हीकडे तीच चालते, टोकन (लॉगिनची खूण) लोकल स्टोरेजमध्ये म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात असेल तर तेही त्याच ओरिजिनवर दोघांना वाचता येतं पण या निमित्ताने कुकीवर जा. एकाच पानात जुने-नवे कंपोनंट मिसळायला अँग्युलरचं अपग्रेड पॅकेज आहे, पण त्यात दोन्ही फ्रेमवर्क एकदम लोड होतात, तुमच्या त्या पीसींवर मी ते करणार नाही. आख्खं मॉड्यूल एकदम हलवा, सुरुवात रिपोर्टपासून, तिथे नुसतं वाचायचं असतं, चुकलं तरी कोणाचं खातं बिघडत नाही.