काम्यूच्या 'द स्ट्रेंजर'मधील त्या चार गोळ्यांबाबत मदत हवी आहे

आल्बेर काम्यू यांची १९४२ सालची ही कादंबरी मी इंग्रजी अनुवादातून दोनदा वाचली; फ्रेंच मला येत नाही. आईच्या शवपेटीजवळ बसून दुधाची कॉफी पिणारा नायक मर्सो मला परका वाटत नाही, आणि खटल्यात खुनापेक्षा त्याच्या न रडण्याचीच झाडाझडती अधिक होते, हेही उमगते. अडते ते समुद्रकिनाऱ्यावर, जिथे मर्सो एका अरब माणसावर गोळी झाडतो. पहिल्या गोळीनंतर तो थांबतो आणि निश्चल देहावर आणखी चार गोळ्या झाडतो. उन्हाचा तडाखा हे कारण पहिल्या गोळीपुरते पटते, पुढच्या चारांना लागू पडत नाही. तपास करणारा न्यायाधीश नेमके हेच विचारतो, तर मर्सो गप्प! काम्यूंचाच 'द मिथ ऑफ सिसिफस' हा निबंधही चाळला, पण त्यातून या प्रसंगाला उत्तर मिळाले नाही. त्या थांबण्याचा अर्थ कादंबरीतल्याच कोणत्या उताऱ्याच्या आधारे लावता येईल?