ग्लास कॅटफिशवर पांढरे ठिपके: औषधाची मात्रा किती ठेवावी?

नमस्कार. माझ्याकडे शंभर लिटरच्या टाकीत ग्लास कॅटफिशचा लहान थवा आणि काही हार्लेक्विन रासबोरा आहेत. ही कॅटफिश म्हणजे दक्षिण थायलंडमधील ओढ्यांत आढळणारी, जेमतेम बोटभर लांबीची, काचेसारखी पारदर्शक जात. अनेक वर्षे ती दुसऱ्याच नावाने विकली जात होती. २०१३ मध्ये ‘क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस’ या नावाने तिचे स्वतंत्र वर्णन झाले. त्यामुळे जुन्या माहितीतील किती भाग नेमका हिला लागू पडतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आता दोन माशांच्या शेपटीजवळ मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसत आहेत, ते दगडांना अंग घासतात आणि त्यांच्या अंगावरून सरकणारी इंद्रधनुषी झाक मंद झाली आहे. इतरांचे खाणे नीट चालू आहे. पाण्यात अमोनिया व नायट्राइट शून्य असून तापमान २६ अंश आहे. हा व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, असावा असे मला वाटते.

दुकानदाराने मॅलाकाइट ग्रीनयुक्त औषध बाटलीवर लिहिलेल्या पूर्ण मात्रेने टाकण्यास सांगितले; परंतु या माशांना खवले नसतात आणि अशा माशांना हे औषध अधिक बाधते, हे ठाऊक असल्याने माझा त्या सल्ल्यावर विश्वास बसत नाही. शिवाय परजीवी जोवर माशाच्या त्वचेखाली असतो तोवर औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे विभागतो आणि त्यातून बाहेर पडलेली पिल्ले नवा मासा शोधत पोहत असतात, तेव्हाच ती मरतात. म्हणजे ठिपके नाहीसे झाले तरी उपचार चालू ठेवणे भाग आहे, आणि इतके दिवस पूर्ण मात्रा या नाजूक माशांना सोसेल का, हीच खरी धास्ती आहे.

निम्मी मात्रा देऊन तापमान हळूहळू २९ अंशांपर्यंत न्यावे, म्हणजे परजीवीचे चक्र लवकर उरकेल, असा माझा विचार आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून एअरपंप जोडला आहे आणि फिल्टरमधला, औषध शोषून घेणारा कार्बन काढून ठेवला आहे. मिठाचा उपचार मात्र टाकीतल्या वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीमुळे टाळावासा वाटतो.

ज्यांनी ग्लास कॅटफिशवर प्रत्यक्ष हा उपचार केला आहे, त्यांनी कृपया सांगावे: निम्म्या मात्रेने रोग आटोक्यात आला का? की आजारी दोघांना वेगळे न काढता सगळा थवाच रिकाम्या टाकीत हलवून तिथे मिठाचा उपचार करणे श्रेयस्कर ठरेल? एकटे पडले की हे मासे खाणे सोडतात, म्हणून दोघांनाच काढायला मन धजत नाही.